मांडीवरची पेटी

काल दवाखान्यातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते, आणि त्यांची बोटं मांडीवर पेटी वाजवत होती. मला काका आठवले आणि माझं डोकंच फिरलं.

माझी आत्या रेडिओवर भावगीतं गायची. ती गाणी काका घरी पेटीवर तिच्याकडून बसवून घ्यायचे. पण तेव्हा रेडिओवर पेटीला बंदी होती. का, तर ती परकी, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर तिला अलगद घसरता येत नाही. गावोगावची कीर्तनं आणि नाटकं जिच्यावर उभी राहिली, ती पेटी या शहाण्यांच्या कानाला टोचत होती. काका आत्याचा तंबोरा स्टुडिओच्या दारापर्यंत पोचवायचे आणि मुकाट घरी येऊन रेडिओपुढे बसायचे.

पुढे बंदी उठली, पण तोवर काकांची बोटं आखडली होती. त्या काळच्या सोवळ्या सुरांचं कुणी कौतुक करायला लागलं, की मी आजही तिथून उठून जाते. त्या सोवळ्याने काय केलं ते मी घरात पाहिलंय.

बंदीच्या दिवसांत एकदा रेडिओवर कडवं संपलं आणि आत्या क्षणभर थांबली. शेजारचे नाना तेवढ्यात म्हणाले, "काय आवाज लागलाय हो तुमच्या बहिणीचा."

काकांनी डावा हात वर करून त्यांना गप्प केलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर धावत होती.

"थांबा नाना," ते म्हणाले, "आत्ता पेटी चाललीय."