आधी कापूस, मग बाळ

बाळ रडायला लागलं की घरातली बाकीची माणसं उठून त्याच्याकडे जायची आणि त्याची आई मात्र जागच्या जागी आक्रसून बसायची. आधी पायाची बोटं वळायची, मग दात आवळले जायचे. पोर अजून पाळण्यातच असायचं आणि हिच्या छातीत कळ आधीच निघायची. लोक म्हणायचे, नवखी आहे, नाजूक आहे. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांना थोडंच कोणी चावत होतं.

नाजूक ती कधीच नव्हती. एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, वाफेच्या यंत्रातून काढून ट्रे लावायच्या खोलीत ती लग्नाआधीपासून कामाला होती. चिमटे, कात्र्या, सुया, वाट्या, रक्ताने माखलेलं सगळं तिच्या हाती यायचं आणि लखलखीत होऊन परत जायचं. एखाद्या चिमट्याच्या खाचेत कणभर काही राहिलेलं दिसलं की ती अख्खा ट्रे पुन्हा उकळायला टाकायची, मग बाहेर डॉक्टर कितीही आदळआपट करोत. सगळे तिला चकचकबाई म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तिला ते आवडायचं. अस्वच्छ हत्याराने माणसाची जखम कशी चिघळते ते तिने पाहिलेलं होतं. ती भीती तिच्या हाडात मुरली होती, ती काही बाळंतपणाच्या रजेवर जाणार नव्हती.

तर हिला मुलगा झाला. चांगला टपोरा. बापाने त्याला लगेच ‘पैलवान’ नाव ठेवलं आणि पैलवान आईच्या अंगावर प्यायला लागला. पहिले काही दिवस नुसती आग व्हायची. मग बोंडं लाल झाली, सोलपटली, आणि त्यांना आडव्या भेगा पडल्या. ब्लाउजचं कापड त्यांना चिकटून बसायचं. ते सोडवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पोर बोंडाचं नुसतं टोक हिरड्यांत पकडून चघळायचं, सोडायचं, चिडून रडायचं, पुन्हा चघळायचं. सहन होईना की ही त्याला हिसका देऊन ओढून काढायची आणि भेग आणखी उकलायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सल्ले द्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक हात सैल सोडतात. सासूबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला असं होतंच, होईल सवय. शेजारीण म्हणाली, दूधच कमी असेल. जाऊबाईंनी फोनवर आपल्या दोन्ही मुलांचं सगळं ऐकवलं आणि शेवटी, मला तर बाई काहीच झालं नव्हतं, असं म्हणून फोन ठेवला. अशा माणसांना काय म्हणावं.

चकचकबाईने मात्र आपल्या अकलेने आपला उपाय चालू ठेवला होता. भेग म्हणजे जखम, आणि जखम म्हणजे घाण शिरायला उघडं दार, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं. दर वेळी पाजण्याआधी ती गरम पाण्याने आणि साबणाने छाती खसखसून धुवायची. मग स्पिरिटचा बोळा फिरवायची. तो बोळा लागला की ती टॉवेल तोंडात कोंबायची, म्हणजे किंकाळी बाहेर जाऊ नये. मग कोरडं पुसून बाळाला घ्यायची. पाजून झालं की पुन्हा तेच. जितकी भेग मोठी, तितका बोळा जास्त. आणि कोणी तिला अडवलं नाही, उलट सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या की आमच्या सुनेची स्वच्छता बघा, आधी कापूस, मग बाळ.

एके दिवशी पोराने दूध टाकलं ते गुलाबी. पोटात काहीतरी फुटलं म्हणून नवरा-बायको त्याला घेऊन धावत डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त तुमचंच आहे, त्याला काही झालेलं नाही. पण वजन उतरलंय. पुढच्या वेळी वाढलेलं दिसलं नाही तर डब्याचं दूध सुरू करू.

नवरा बिचारा येताना डबाच घेऊन आला. चुकीचं काही केलं नाही त्याने. डब्याच्या दुधावर पोरं वाढतात, तो स्वतः वाढला होता आणि चांगला दाराएवढा झाला होता. पण तिने तो डबा उघडू दिला नाही. पोराला माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, ती मनाशी म्हणायची, आणि नेमकी तीच द्यायची मला भीती वाटते. डबा उघडला की त्याचं माझ्याकडे काही कामच उरणार नाही. हे ती कोणाला बोलली नाही, कारण मग पुढचंही बोलावं लागलं असतं. आजवर तिने त्याला एकदाही प्रेमाने उचललं नव्हतं. तो जवळ आला की तिला फक्त त्याचं तोंड दिसायचं, आणि त्या तोंडाचा तिला राग यायचा.

बाळाचं वजन करायला डॉक्टरांकडच्या सिस्टर घरी यायच्या होत्या, त्या दुपारचीच गोष्ट. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. पोर रडलं. हिने धुतलं, बोळा फिरवला, टॉवेल चावला, त्याला घेतलं. त्याने टोक पकडलं आणि आवळलं. ‘सोड,’ ती ओरडली, आणि त्याला ओढून तिने पलंगावर ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलंच म्हणा. गादी होती म्हणून निभावलं. मग ती उठून दाराबाहेर गेली आणि दार ओढून घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. आत त्याने टाहो फोडला होता आणि इकडे हिची छाती भरून वाहत होती, ब्लाउज ओला होत होता. जिना उतरावा आणि चालत सुटावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात खालून सिस्टर आल्या. जाडजूड बाई, खांद्यावर वजनकाट्याची पिशवी, भात्यासारखा श्वास चाललेला. हिला पाहून त्या शेजारी पायरीवर टेकल्या.

‘सिस्टर,’ ती म्हणाली, ‘मला तो नकोसा झालाय.’

सिस्टरांनी दम खाल्ला, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, ‘चला, आधी मला दाखवा कशा पाजता.’

आत सासूबाई पोराला घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. सिस्टरांनी त्याला आधी वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं. ही सवयीने स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आली. सिस्टरांनी वास घेतला आणि विचारलं, हे किती वेळा? दर वेळी, आधी आणि नंतर, हिने सांगितलं, आणि त्या हालतीतही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. सिस्टरांनी तिच्या हातातून बोळा काढून घेतला.

‘अहो, हे काय ऑपरेशनचं हत्यार आहे?’

मग त्यांनी सांगितलं. त्या कातडीला तिचं स्वतःचं तेल असतं. ते साबणाने जातं आणि स्पिरिटने कातडी वाळून तडकते. भरत आलेली भेग तुम्ही दर वेळी नव्याने फाडता. शिवाय या पोराला अजून धड दिसत नाही, ते वासावर येतं. तो वासच तुम्ही पुसून टाकता, मग ते चाचपडत टोक धरतं.

‘म्हणजे हे मीच केलं?’

‘बरंचसं,’ सिस्टर म्हणाल्या. सांत्वन करायला त्या थांबल्या नाहीत. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, नाक बोंडासमोर आणलं, आणि वाकू नका, त्यालाच जवळ घ्या, म्हणून तिची पाठ सरळ केली. पोराने पुन्हा टोकच पकडलं. ओढू नका, त्या म्हणाल्या, करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाला, सुटेल आपोआप. सुटलं. थांबा, तोंड मोठं उघडू दे. पोर वास घेत डोकं इकडेतिकडे हलवत राहिलं, आणि मग त्याने जांभई द्यावी तसा आ केला. सिस्टरांनी त्याला हनुवटीकडून आत दाबलं. बोंडच नाही, भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात गेला.

कळ आली. तिने खांदे वर ओढले आणि पुढच्या कळेची वाट पाहिली. दुखत होतं, पण ते चावणं नव्हतं. तो घटाघटा पीत होता आणि गिळताना त्याचे कान हलत होते. पाजताना ती नेहमी छताकडे बघायची, त्यामुळे हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला हुंदका आवरेना.

मागून केलेल्या वजनात फार काही भर नव्हती. सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून काही दिवस दुखेल, पाजून झाल्यावर आपलंच दूध लावून वाळू द्या, ताप आला तर लगेच या, आणि वजन अडलंच तर डब्यालाही नाही म्हणू नका. मग त्या काटा पिशवीत भरू लागल्या. पोर दुसऱ्या बाजूला पीत होतं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, म्हणून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘सिस्टर, मी मघाशी जिन्यात जे बोलले ते...’

‘मला जिने चढताना काही ऐकू येत नाही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पाजा तुम्ही.’