आठ-दहाचा पाना

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात मोटार खोलून बसलो होतो. "भाऊजी, हे गेले हो..." एवढंच तिला बोलवलं. मी समोरचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर एकेक करून भिंतीवरच्या बोर्डावर लावले आणि मगच शटर ओढलं. सात रस्ता चौकातून रिक्षा जुळे सोलापूरला वहिनीच्या घराकडं वळली तेव्हा स्वतःचाच संताप आला. थोरला भाऊ गेलाय आणि हा शहाणा पाने लावत बसला! पण माझ्या जागी अण्णा असता तर त्यानंही हेच केलं असतं.

अण्णा हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा. तेव्हा आपली लढाऊ विमानं सोव्हिएत रशियातून यायची आणि त्यांची दुरुस्ती शिकवायला तिकडची माणसंही यायची. व्यवहार रुपयांत, इथून कापड, चहा, टॉवेल असं काय काय जायचं. "आपल्या सोलापुरी टॉवेलांवर आली की रे ती विमानं," असं अण्णा हसून सांगायचा. खरं किती, देव जाणे. त्याला शिकवणारा उस्ताद व्हिक्टर नावाचा. त्याच्या हत्यारपेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा लाल रंगवलेली असायची. काम संपल्यावर पेटीत लाल दिसलं तर विमान हलवायचं नाही. एकदा विमान धावपट्टीकडं निघालं आणि पेटीत लाल दिसलं. व्हिक्टर धावत जाऊन विमानापुढं हात पसरून उभा राहिला. इंजिन गर्जतंय, साहेब लोक शिव्या घालतायत, हा गडी जागचा हलेना... आठ-दहा मापाचा पाना शेपटीच्या आत निघाला, सुकाणूच्या दांड्यांपाशी. "मीच विसरलो होतो," अण्णा सांगायचा, "आणि त्या वैमानिकाचं लग्न ठरलेलं." व्हिक्टर मायदेशी निघाला तेव्हा अण्णानं त्याला सोलापुरी चादर दिली. व्हिक्टरनं तोच पाना अण्णाच्या हातात ठेवला.

निवृत्त झाल्यावर अण्णानं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं हे दुकान काढलं आणि तसाच लाल रंगाचा बोर्ड करून तो रशियन पानाही त्यावर लावला. माझं डोकं फिरायचं. आपण काय विमानं उडवतोय का? अकरा वर्षांपूर्वी उजनीकाठचा नामदेव पाण्याची मोटार घेऊन आला. मी ती दुरुस्त केली, चालवून बघितली, झाकणं बसवली. संध्याकाळी बघतो तर बोर्डावर रशियन पान्याची जागा लाल! अण्णा म्हणाला, "मल्लू, मोटार परत खोल." मी म्हटलं, "आत नाहीये, मी बघितलंय." खरं तर बघितलं नव्हतं. नामदेव काकुळतीला आला, "अण्णा, केळी वाळाय लागल्यात की. सकाळी सातला लाइट येती, तवर मोटार बसवाय पायजे." अण्णा म्हणाला, "खोलल्याशिवाय जाणार नाही." एवढं बोलून तो समोर चहाला गेला. मी रागारागानं शेजारच्या हार्डवेअरमधून नवा आठ-दहा आणला, बोर्डावर अडकवला आणि नामदेवचा टेम्पो रवाना केला. अण्णा परत आल्यावर म्हटलं, "सापडला." तो बोर्डाकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात दुपारी आला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. म्हणाला, "बँकेत गेलो होतो." मी वर त्याचीच फिरकी घेतली, "बँकेत काय भात लावलाय?" तोही हसला.

अण्णा गेल्यावर आठवड्यानं नामदेव भेटायला आला. वहिनीपुढं बसून ढसाढसा रडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमाला म्हायती न्हाय मालक. त्या सकाळी म्या पाण्यात उभा, हात स्टार्टरवर, आन् मागनं अण्णा वरडले, 'हात काढ!' रातभर फोन लावत हुते म्हणं, आमच्याकडं कुटली रेंज? अंधारात गाडी हाणत आले. मोटारीची वायरीची डबी खोलली तर पाना आतच! बटण दाबलं असतं तर करंट उतरून तितंच गेलो असतो." ती डबी मीच बंद केली होती. नामदेव पुढं म्हणाला, "मला म्हणले, चूक माजी हाय, मल्लूला यातलं काय बोलू नको. त्याचा हात लई चांगला हाय. भ्यालेल्या हातानं काम हुत न्हाय..."

त्यानं माझा हात वाचवला आणि मी अकरा वर्षं त्याच्यापुढं ताठ मानेनं फिरलो. लाज वाटते, दुसरं काय? वहिनीला त्या पान्याबद्दल विचारलं तर तिनं त्याचा दाढीचा डबा आणून दिला. तळाशी फडक्यात तो पाना होता, तेल लावून पुसलेला.

मी तसाच दुकानात आलो. बोर्डावरचा माझा, हार्डवेअरमधून आणलेला पाना रशियन पान्यापेक्षा थोडा आखूड. त्याच्या टोकाला नखाएवढी लाल कड उघडी राहत होती. मला ती कधी दिसली नव्हती. अण्णा रोज संध्याकाळी त्या बोर्डापुढं उभा राहायचा. मी माझा पाना काढला आणि त्याचा लावला. लाल कुठंच उरलं नाही. दुकानात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, सापडला."