हन्नानं माप कुठून आणलं?

भगिनींनो, आपण आळीपाळीनं लिहितो ती फिरती वही आजच माझ्याकडे आली ते बरं झालं. सकाळचं कधी एकदा सांगते असं झालंय.

इथे सोलापुरात गिरणीच्या चाळीत मी बायकांना बायबलमधल्या गोष्टी सांगते. आज हन्नाची होती. तिनं नवसानं झालेला आपला लहानगा शमुवेल देवाच्या मंदिरात सेवेला ठेवला आणि दरवर्षी त्याला लहानसा झगा शिवून नेला.

गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या नागूबाईनं मध्येच विचारलं, "बाई, पोरगं वरीसभर डोळ्याम्होरं न्हाय, मग माप कुटनं आणलं तिनं?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, पण हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "शेजारचं तेवढंच पोर उभं करून घेतलं असंल. वर चार बोटं जास्त धरली असतील. पोरगं वाडायचं थांबतंय व्हय आपल्यासाटी?"

माझा योहान दोन वर्षांपूर्वी नगरच्या बोर्डिंगात गेला, अजून घरी आलेला नाही. सदरा पाठवला की "आई, आखूड होतो" असं पत्र येतं आणि मी चिडते. कापड काय झाडाला लागतं? पण मीच तो गेला त्या दिवशीचं माप धरून बसले होते.

दुपारी नवा सदरा बेतला, चार बोटं जास्त. देवाचे आभार मानले, नागूबाईचेही.

तुमचं लेकरू लांब असेल, तर तुम्ही कोणत्या दिवसाचं माप धरून बसला आहात?