अरण्यदेवाची नॉइज टेस्ट

गिअरबॉक्स ऐकणं हे माझं काम. चाकणच्या कंपनीत एकोणतीस वर्षं झाली, त्यातली बावीस नॉइज रूममध्ये गेली. चारी भिंतींना जाड फोम. दार लावलं की बाहेरचा सगळा मशीन शॉप गप्प. गिअरबॉक्स चाचणीच्या रिगवर चढवायचा, फिरवायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. चांगला असेल तर खडूनं ओके, नसेल तर फुली. गेल्या वर्षी सेन्सर आले, तरी वाद झाला की इंजिनिअर लोक म्हणायचे, "काकांना ऐकू द्या." छाती फुगायची माझी, खोटं कशाला बोलू? पण दिवसभर त्या खोलीत बोलायला कुणी नसायचं.

दापोडीला घरी आलो तरी तेच. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी दोन वर्षांपूर्वी फिनलंडला गेली, जंगलाचा अभ्यास करायला. अहो, जंगल शिकायला इतक्या लांब कशाला जायचं? भीमाशंकर काय ओस पडलंय का? विमानतळ येईपर्यंत मी हेच म्हणत होतो आणि ती हसत होती. आता दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. "जेवलात का पप्पा?" "जेवलो. तू?" "हो." "थंडी?" "आहे की." झालं, संपलं. दहा मिनिटं एकमेकांची तोंडं बघायची आणि ठेवायचा फोन. नंतर घर जास्तच मोठं वाटतं.

एका रविवारी तिनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. तिकडच्या जुन्या गोष्टींत म्हणे अरण्याचा एक देव आहे, शेवाळाच्या दाढीचा. जंगलात शिरण्याआधी शिकारी त्याची परवानगी मागायचे. त्या अरण्यावर कुणीतरी मोठ्या वाद्यवृंदासाठी एक लांबलचक रचना केलेली. गाणं नाही, शब्द नाहीत, अठरा-वीस मिनिटं नुसती वाद्यं.

"पप्पा, यात एक जागा आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी मी जंगलातून एकटी हॉस्टेलवर येते ना, तेव्हा जसं वाटतं तसंच आहे ते. मला सांगता येत नाही. तुम्ही ऐका आणि ओळखा कुठली जागा ते. तुमच्यासारखा कान कुणाचा आहे?"

आम्ही बौद्ध माणसं, देवबीव आमच्याकडे नसतात. पण लेकीनं पाठवलेला देव म्हटल्यावर ऐकणं भागच होतं. आणि खरं सांगतो, दोन वर्षांत पहिल्यांदाच ती जेवणाखाण्यापलीकडचं काहीतरी मला सांगू बघत होती. ती जागा मला सापडायलाच हवी होती.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये इअरफोन घातले. शेजारचा म्हणाला, "काय राव, सकाळी सकाळी कीर्तन का?"

"फिनलंडचा देव आहे."

"मग बोला की नवस, ओव्हरटाइम मिळतो का बघू!"

बसच्या घरघरीत देवाचं काही कळेना. मग जेवणाच्या सुट्टीत नॉइज रूमचं दार लावलं, फोन रिगवर ठेवला, रिजेक्शनचा कोरा फॉर्म घेतला आणि रोजच्यासारखा ऐकायला बसलो. दुसरं ऐकायचं कसं ते मला कुठे माहीत? लिहीत गेलो. सुरुवातीला ढोल घुमतो. एकच तुकडा सारखा सारखा येतो, गिअरचा दात तुटल्यासारखा. खालून जाड घरघर, बेअरिंग कोरडं. मग मध्येच आवाज बंद, वीसेक सेकंद काही नाही, रेकॉर्डिंग खराब. त्यानंतर जे वादळ सुटलं, बाप रे! सगळी वाद्यं एकदम अंगावर आली. त्या बंद खोलीत मी घाबरलो चक्क. वादळापुढे मी मोठं बरोबरचं चिन्ह केलं. हीच ती जागा. बिचारी पोर या असल्या भीतीत रोज चालते, म्हणून जीव कालवला.

फॉर्मचा फोटो तिला पाठवला आणि आठवडाभर ऐटीत फिरलो.

रविवारी ती कोरड्या बेअरिंगवर पोट धरून हसली. "पण वादळ नाही हो पप्पा."

"मग शेवट?"

"नाही."

"मग कुठली? आणि हो, मध्ये तुटलंय ते, दुसरं पाठव."

ती हळूच म्हणाली, "तिथे तुटलेलं नाही. तिथे व्हायोलिनं वाजतायत. खूप वरच्या सुरात, अगदी बारीक. तीच जागा."

माझं डोकंच फिरलं. "तुझं रेकॉर्डिंग भिकार आहे! माझा फोन भिकार आहे!" तिनं लॅपटॉपवर तेवढाच भाग लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. "आता येतंय ऐकू?"

हो म्हणणं सोपं होतं. सवय होती मला. दरवर्षी कंपनीत कानाची तपासणी होते. हेडफोन घालून काचेच्या खोक्यात बसायचं आणि शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. शिट्टीचं बटण दाबताना काचेपलीकडच्या बाईंचा कोपर हलतो. किती वर्षं मी त्या कोपरावर बोट वर करत होतो! घाई असते, लवकर उरकायचं असतं, असं स्वतःला सांगायचो. पण आतून ठाऊक होतं. कान गेला म्हटलं की खोली गेली, आणि खोली गेली की मी कोण? दापोडीतला एक विधुर म्हातारा.

ती अजून बघत होती.

"नाही येत बाळा," मी म्हणालो. "तिथे मला काहीच ऐकू येत नाही. कधीपासून येत नसेल कुणास ठाऊक. काय आहे तिथे, ते तूच सांग. तोंडानं सांग."

ती व्हायोलिनांबद्दल काहीतरी सांगायला लागली आणि मध्येच तिचा चेहरा वाकडा झाला. "पप्पा, मला इथे कुणी नाही. वर्गात सगळे चांगलं बोलतात आणि मग आपापल्या घरी जातात. झाडांमधून येताना रोज वाटतं, आज मी पोचलेच नाही, तर रविवारपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" मी ओरडलोच. "दर रविवारी विचारतो, तेव्हा मूग गिळून बसतेस!"

"तुम्ही आधीच एकटे आहात. त्यात माझं कुठे घालू?"

मी पण रडलो. तिच्यासमोर पहिल्यांदाच. संध्याकाळी कुलूप उघडताना मला आत जावंसं वाटत नाही, हेही मग सांगून टाकलं.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं, माझा कान गेलाय, खोलीत दुसरा माणूस बसवा. त्यांना आधी चेष्टा वाटली. आता मी पॅकिंगला असतो. "काकांना ऐकू द्या" असं कुणी म्हणत नाही. पहिले काही दिवस फार लागलं ते, अजूनही लागतं. चिंचवडला जाऊन कानाचं मशीन घेतलं. त्यातून कुकरच्या शिट्टीचा असा काही आवाज येतो की कान धरावेत. तेव्हा ती बारीक व्हायोलिनंही आता ऐकू येतील बहुतेक.

मुलगी आता मधल्या वारीही फोन करते. परवा विचारत होती, "ऐकलीत का ती जागा?"

रेकॉर्डिंग फोनमध्येच आहे, पण लावायचं मला धाडस होत नाही. ऐकली म्हटलं, तर ती सांगायची थांबेल.

"अजून नाही गं," मी म्हणतो. "तूच सांग."