उभी बाटली, आडवी बाटली

आमचं ‘हॉटेल’ होतं, असं मी अजूनही सांगते. खरं म्हणजे तो बार होता. नरडाण्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून. काळ्या काचा, शेवभाजीचा ठसका, आणि फॅमिली रूम अशी पाटी असलेली एक खोली, जिच्यात एकही फॅमिली कधी बसली नाही. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की मोटारसायकलींची रांग लागायची. माझं शिक्षण त्याच गल्ल्यावर झालं आणि त्याचीच मला लाज वाटायची. खाल्ल्या मिठाला न जागणारी म्हणतात ती मीच.

मग गावातल्या बायकांनी मतदान मागितलं. चिठ्ठीवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे बार चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच कुलूप लागणार. म्हणजे घरी बसलेली बाईसुद्धा आमच्याच बाजूची. त्या बायका दारोदार फिरल्या. आमचं दार तेवढं टाळलं. आम्हाला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा!

वडील आईला नि मला म्हणाले, “दोन्हीजनी जा आणि उभीवरच मारा. गाव देखी ऱ्हायनं.”

शाळेच्या आवारात ऊन रणरणत होतं. आम्ही रांगेत शिरलो तशा गप्पा थांबल्या. आमच्या पायरीवर पडलेल्या नवऱ्याला रोज सकाळी उठवून न्यायला येणारी बाई माझ्यापुढेच होती. ती सरकली आणि तिने मला सावलीत जागा दिली. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बार बंद झाला. तिथे आता टाइल्सचं दुकान आहे.

वडिलांनी ते मनाला लावून घेतलं नाही. घरी कुणी आलं की आम्ही दोघी त्यांच्याच बाजूच्या, असं छाती काढून सांगतात, “गाव फिरनं ते फिरनं, पन मना घरन्या दोन्ही बाया मनासंगेच शेतस.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आईने भाकरी तव्यावरच ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “तू बी आडवीवरच?”

मी मान डोलावली. बाहेरून वडिलांनी पाहुण्यांसाठी पाणी मागितलं. तांब्या भरलेला होता, पण तो घेऊन त्यांच्यासमोर जायला आम्हा दोघींपैकी कुणीच उठेना.