दगडावरची सवत

धापूला तिच्या बापाने नावच असं ठेवलं, की पुढे तिने कुणाकडे काही मागायची सोय राहू नये. धापू म्हणजे धापलो, पोट भरलं, आता पोरी पुरे. चार मुलींवर ही पाचवी झाली तेव्हा बापाने, म्हणजे पेमारामने, देवाला पाठवलेला तो निरोप होता. देवाने तो काही मनावर घेतला नाही, हिच्या पाठीवर आणखी एक पाठवली. पण नाव हिलाच चिकटलं.

असल्या पोरीला स्थळ बिजवराचंच येणार. राजस्थानात, मकराण्याच्या अलीकडे, हमरस्त्यावर गिगारामचं दुकान होतं. संगमरवराच्या उरलेल्या तुकड्यांवर तो फोटो छापून द्यायचा. देव, नवरा-नवरी, मेलेले बापजादे, म्हणाल ते. त्याची पहिली बायको सुगनी अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात पडून मेली होती. पाय घसरला, असं त्याची आई जडाव सांगायची. शेजारणी काहीच सांगायच्या नाहीत, विषय निघाला की नुसता घुंघट पुढे ओढायच्या.

त्या मुलखात सवत मेली म्हणून घरातून जात नाही. तिला घरात बसवावी लागते. नवीने रोज आधी तिला अंघोळ घालायची, तिच्यापुढे घास ठेवायचा, मग स्वतःच्या तोंडात घालायचा. नाहीतर ती कूस उजवू देत नाही म्हणतात. पूर्वी चांदीच्या पत्र्यावर तिची मूरत ठोकून नवीच्या गळ्यात बांधत. जडाव म्हणाली, "पोराचं दुकान घरचं आहे, चांदी कशाला जाळायची? दगडावर छाप."

पण छापणार काय? सुगनीचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात हनुवटीपर्यंत घुंघट. गिगारामने तोच छापला. गावचा भोपा आला. त्याच्या अंगात देव यायचा आणि गावातली निम्मी भांडणं तोच लावायचा, तोच मिटवायचा. दगड पाहून त्याने मान हलवली. "डोळे कुठायत? बाई बघणार कशाने? आंधळी बसवाल तर घरभर चाचपडत फिरेल."

जडावने चूल फुंकणाऱ्या धापूकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"गिगा, हिचाच काढ."

धापूच्या हातातली फुंकणी खाली पडली. "सासूजी, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. अशुभ असतं."

"तुझ्या फोटोला कोण मेलं हार घालतंय? सुगनीच्या घालणार. तोंड तेवढं तुझं उसनं. द्यायला काय झालं, झिजणार आहे का?"

गिगारामने मोबाइलवर फोटो काढला. संगमरवराच्या तुकड्यावर लॅकरचा हात धापूनेच मारला, कारण दुकानातलं ते काम तिचंच होतं. गिगारामने सब्लिमेशनच्या कागदावर तिचा चेहरा छापला, कागद दगडावर पालथा चिकटवून प्रेसखाली दाबला. त्या उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती लॅकरच्या पोटात जाऊन बसते. कागद सोलला तर दगडातून धापू बघत होती. पण घाईत त्याने एक चूक केली होती. छापण्याआधी फोटो उलटा करायचा असतो, म्हणजे दगडावर सुलटा उमटतो. अक्षरं असती तर तेव्हाच कळलं असतं, पण नाव मागाहून छिन्नीने कोरायचं होतं. त्यामुळे धापूची डाव्या नाकपुडीतली नथ दगडावर उजवीकडे गेली.

गिगाराम चपापला. जडाव मात्र उलट खूश होऊन सुनेला म्हणाली, "बघ गं बींदणी! तुझी नथ कुठे, हिची कुठे! ही तू नव्हेसच. उगा रडत होतीस."

झालं, चूक होती तीच पुरावा ठरली. खाली 'सुगनी' कोरलं, शेंदूर लागला, हार चढला, आणि बाया गाणी म्हणत आल्या. दगडावरच्या तोंडाला त्यांनी मुलं मागितली, आणि तेच तोंड शेजारी उभं होतं त्याला म्हणाल्या, "सरक बाजूला, सावली पडते."

तेव्हापासून धापू रोज पहाटे स्वतःला अंघोळ घालू लागली. स्वतःपुढे तूप घातलेला चुरमा ठेवू लागली, आणि मग चुलीपाशी बसून बाजरीचा कोरडा सोगरा चावू लागली. जडाव दगडाशी किती गोड बोलायची म्हणता! "बाई माझी, राग धरू नको हं, तुला काय कमी आहे?" आणि तीच मान इकडे वळवून, "ए ढोणे, राबडी उतू चाललीय, डोळे फुटले का?" एकाच तोंडाला दोन भाषा. ऐकून ऐकून धापूचे कान किटले.

मग तिला दिवस राहिले, आणि तिच्या पोटात भीतीने घर केलं. आपण हार घातलेलं माणूस, आपलं मूल कुणाचं म्हणून जन्माला येणार? मेलेलीचं? एका संध्याकाळी तिने गिगारामला गाठलं.

"एवढं तोंड पुसून टाका. मला माझं तोंड परत द्या, दुसरं काही नको."

"ते पुसलं जात नाही. रंग आत गेलाय. घासलंस तर दगड फुटेल, आणि मा तुला फोडेल."

पण धापू काही दुकानात डोळे मिटून बसत नव्हती. वर्षभरात किती गिऱ्हाइकं बोंबलत आलेली तिने पाहिली होती. "अहो, बापाचा फोटो ओट्यावर लावला, बाप पांढराफटक झाला!" ऊन या रंगाला खातं, हे गिगारामला पक्कं ठाऊक होतं. पण तो बेरड कपाळाला हात लावून म्हणायचा, "सेवेत कमी पडलात भाऊ. पितर रुसले." गिऱ्हाईक वरमायचं आणि नवा दगड छापून न्यायचं.

होळी झाली तशी धापू अंघोळ घातलेला दगड गच्चीवर नेऊन ठेवू लागली. ओला ठेवला तर शेवाळ धरेल म्हणाली. जडाव शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आता कुठे सेवा शिकली." जेठ महिन्याच्या उन्हात गच्ची तापायची आणि धापूचा जीव गार व्हायचा. आधी ओठांचा लाल गेला. मग गाल निळसर पडले. मग भुवया गेल्या, नथ गेली. एक दिवस उरले नुसते दोन मळकट डाग, आणि मग तेही गेले. त्या दुपारी तिने पोटावर हात ठेवून बाळाला सांगितलं, "सुटलो रे." आता सातवा महिना सरला की तिचा बापू न्यायला येणार होता. पहिलं बाळंतपण पीहरला, म्हणजे माहेरी. तिथे सगळे तिला धापूच म्हणणार होते.

संध्याकाळी जडाव आरतीला बसली आणि अशी किंचाळली की रस्त्यावरचा ट्रक थांबला.

भोपा आला. धापू गिगारामकडे बघत राहिली. एक शब्द, ऊन, एवढा एकच शब्द त्याने बोलायचा होता. पण अंगणात निम्मं गाव जमलं होतं, आणि त्यातल्या घराघरात पांढरे पडलेले बाप होते. गिगाराम गप्प बसला.

भोपा घुमला, केस झटकले, आणि त्याने बोट रोखलं. "दगड रिकामा झाला! ज्या तोंडाने बोलावलीत, त्या तोंडात उतरली!"

जडाव लोटांगण घालत धापूच्या पायांवर कोसळली. "सुगनी, माफ कर गं! तुझी भाकर मी बंद केली होती, पण तेवढ्यावरून टाक्यात उडी टाकशील असं मला काय स्वप्न पडलं होतं?"

अंगणातल्या बायांनी घुंघट पुढे ओढले.

"मी धापू आहे," धापू म्हणाली.

"अशीच नाकबूल जाते पहिल्यांदा," भोपा म्हणाला.

धापूची पूजा मोजून आठवडाभर टिकली. का टिकावी? दगडातल्या सुगनीची जडावला भीती होती. हाडामांसाची सुगनी तर तिची जुनीच सून. जुना राग वर आला. "टाक्यात मरून माझ्या तोंडाला काळं फासलंस ना? घे आता!" आणि चिमटा पाठीत. धापू ओरडायची, "मी नव्हे ती!" तर आणखी एक बसायचा, खोटं बोलल्याबद्दल. भाकर पुन्हा मोजून मिळू लागली. गिगारामही सुगनी म्हणूनच हाक मारू लागला. आईशी कोण वाद घालणार? धापू मार खात होती आणि रस्त्याकडे बघत होती. बापू येऊ दे एकदा.

पेमाराम आला. डोक्यावर फेटा, हातात गुळाची टोपली. बाजेवर बसतो न बसतो तोच जडावने सगळं सांगून टाकलं.

धापूने सासूसमोर घुंघट सरळ मागे टाकला. "बापू, मी आहे हो. बघा ना माझ्याकडे. मला घरी न्या."

पेमारामने पाहिलं. ओळखलं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलंच की. मग त्याने नजर जडावकडे वळवली.

"भोपाजी स्वतः म्हणाले?"

"साऱ्या गावासमोर."

"सुगनीचं पीहर कुठलं?"

"बोरावड."

"म्हणजे बाळंतपण, पुढे लेकराच्या लग्नातला मायरा, कपडालत्ता, सगळं बोरावडवाल्यांकडे?"

"त्यांचीच लेक, त्यांच्याकडेच."

पेमारामने गुळाची टोपली हळूच आपल्या पायांमागे ओढून घेतली. घरी अजून धाकटी उजवायची होती. तो फेट्याच्या शेवाने मान पुसत बसला.

"सुगनी, पाहुण्यांना पाणी आण," जडाव म्हणाली.

धापू लोटा घेऊन आली. जीव मुठीत धरून आली, पण मनातून हायसं वाटून आली. कारण त्या मुलखात बाप लेकीच्या सासरचं पाणी घेत नाही. घसा कोरडा पडून मेला तरी घेत नाही. आता बापू लोटा परत करणार, आणि साऱ्या घराला कळणार की ही माझी लेक आहे.

पेमारामने लोटा दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.