मधलं खातंय की कडेचं?

“मधलं खातंय की कडेचं?” काका भेटले की पहिला प्रश्न हा. मग मला फाटक धरून एक पाय वर करावा लागायचा आणि ते वाकून माझ्या चपलेचा तळ कुठे झिजलाय ते बघायचे. “कडेचं,” असं स्वतःच उत्तर देऊन पुढे जायचे. चारचौघांत हे झालं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते आमच्या समोर राहायचे. लष्कर भागातल्या आमच्या अरुंद गल्लीत त्यांची पांढरी पिकअप कशी मावायची, हे आजही मला कोडं आहे. टोपी बाजारातून कापडाच्या गाठी भरायच्या आणि पडाव भागात ट्रान्सपोर्टवाल्यांकडे पोहोचवायच्या, हा त्यांचा रोजचा धंदा. पणजोबा म्हणे दख्खनमधून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले होते आणि पागेत घोड्यांचे नाल तपासायचे. “तोच खून आहे ताई अंगात, पायाकडेच नजर जाते,” असं ते छाती फुगवून सांगायचे.

मी शाळेत शिकवते. आता वर्गात पांढरे फळे आणि मार्कर आलेत, तरी मी शिपायाच्या मागे लागून जुन्या खडूंची डबी आणायचे ती फक्त काकांसाठी. रविवारी सकाळी ते दारात हजर.

“ताई, चॉक द्या. टायर ठंडे आहेत तोवर बघून घेतो. गरम टायरची हवा झूठ बोलते.”

प्रत्येक टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, गाडी सरळ रस्त्यावर थोडी पळवून आणायची आणि मग उकिडवं बसून बघायचं. रेघ मधोमध पुसली तर हवा जास्त. दोन्ही कडांना पुसली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली तर काकांचा चेहरा असा फुलायचा की त्यांच्या मुलाच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. एकदा मी विचारलं, एकाच बाजूने पुसली तर?

“मग ती हवेची गोष्टच नाही. आत कुठेतरी बिघडलंय. कितीही हवा भरा, काही नाही होत.”

त्यांना खरा त्रास होता तो वेगळाच. “जाताना भरी, येताना खाली. आता तुम्हीच सांगा, हवा कोणत्या हिशोबाने भरू?” यावर त्यांनी तोडगा काढला होता, तो म्हणजे शक्यतो रिकामं यायचंच नाही. गल्लीत कोणाचं कपाट, कोणाचा कूलर त्यांच्याच गाडीतून आला. फुकट आणलंत म्हटलं की रागवायचे. “फुकट कसं? तुम्ही माझा टायर वाचवून राहिले.”

आणि हे सगळं कशासाठी? तर, “चाळीस साल झाले गाडी चालवून, पण टायरचा एक सेट बराबर घिसला नाही कधी. हा सेट शेवटपर्यंत बराबर घिसवतो, मग गाडी सोडून देतो.” माणसं काशीला जायची इच्छा धरतात, यांची ही. हसू नका. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

तो सेट निम्मा झिजला होता, अगदी सारखा. गेल्या थंडीतली गोष्ट. माझ्या दारात त्यांनी चप्पल काढली आणि माझी नजर तिच्यावर गेली. डाव्या चपलेची बाहेरची कड पुढून पार कातरल्यासारखी झिजली होती. उजवी मात्र धड.

चेष्टेची फेड करायला मिळाली म्हणून मी खुशीत म्हटलं, “काका, आज तुमची पाळी. मधलं की कडेचं?”

त्यांनी चप्पल उचलली, उलटी केली, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ताई, ही हवेची गोष्ट नाही.”

डॉक्टरांनी आजाराला भलं मोठं नाव दिलं. पायातली ताकद जात होती, पुढे हातांतली जाणार होती. औषध नाही, सांभाळायचं फक्त. आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं, असंही डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. महिन्याभरात काकांना क्लच दाबेना. उन्हाळ्यापर्यंत ते खिडकीजवळच्या पलंगावर आले, ते तिथेच राहिले.

मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. तेच म्हणाले, “ताई, खडी गाडी एका जागेवर दबते. टायर चपटा होतो. थोडी सरकवत जा.”

मग रविवारी सकाळी मी, त्यांचा मुलगा आणि गल्लीतले दोघं मिळून गाडी ढकलायचो. गल्लीत जागाच तेवढी होती.

“हलली का?” खिडकीतून आवाज यायचा.

“हलली काका! एक वीत!”

“बराबर.”

मग मुलगा हात धुऊन आत जायचा आणि त्यांची कूस बदलायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. बाहेर गाडी एक वीत आणि आत ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. याहून जास्त आम्हा कोणाच्याच हातात नव्हतं. मी घरी येऊन रडायचे आणि मग शाळेच्या तपासायच्या वह्या घेऊन बसायचे.

पाऊस संपता संपता काका गेले.

दिवाळीनंतर मुलाने गाडी विकली. काकांनी गाडीच्या दाराच्या आत हवेचे दोन आकडे लिहून ठेवले होते, एक ‘भरी’ आणि एक ‘खाली’. मुलाने ‘खाली’ इतकी हवा भरली. घेणारा चावी लावत होता, तेवढ्यात मी धावत घरातून खडू आणला आणि मागच्या टायरवर रेघ ओढली. तो माणूस बघतच राहिला. म्हटलं, मोठ्या रस्त्यावर चौकापर्यंत जाऊन एकदा परत या, एवढं करा भैया.

बिचारा आला परत. मी गल्लीतच उकिडवी बसले. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसट झाली होती.

“सारखं आहे, काका!” मी खिडकीकडे बघून ओरडले.

खिडकी आतून लावलेली होती.